हरिश्चंद्रगडावरची खेकडमाशी

मुलांनो, खेकडा तर तुम्ही सगळ्यांनीच पाहिला असेल. ओढ्यातला दगड उचलला की खालून तिरका तिरका पळत सुटतो तो. पळता पळता मध्येच थांबतो आणि दोन काड्यांवर बसवलेले डोळे वर करून आपल्याकडे टकमका बघतो. आता मनातल्या मनात तसेच डोळे एका माशीला लावून पाहा. तांदळाच्या दाण्याएवढी माशी. तिच्या डोक्याच्या उजव्या बाजूने एक काडी निघाली आहे, डाव्या बाजूने एक काडी निघाली आहे, आणि दोन्ही काड्यांच्या टोकांना एकेक इवलासा तांबूस डोळा!

हसू आलं ना? आमच्या चौथीच्या वर्गालाही आलं होतं. आणि खरं सांगायचं तर वर्गाच्या बाईंना, म्हणजे मलाही आलं होतं. त्या हसण्यापायी मला पुढे एक अख्खा गड चढावा लागला. त्याचीच ही हकिकत.

गोष्ट आहे २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यातली. परिसर अभ्यासाच्या तासाला कीटकांचा धडा चालला होता. “कीटकाला पाय किती?” “सहा!” “डोळे कुठे असतात?” “डोक्यावर!” सगळा वर्ग एका सुरात उत्तरं देत होता. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उठून उभा राहिला. प्रश्न विचारायला त्याचा हात नेहमी सगळ्यांच्या आधी वर असायचा. म्हणाला, “बाई, आमच्या मामाच्या गावाला खेकडमाशी असती. तिचे डोळे डोक्यावर नसत्यात. काडीवर असत्यात.”

झालं! वर्गात हास्याचा फवारा उडाला. मीही हसले आणि म्हणाले, “अरे, असं काही नसतं. माशीच्या डोक्याला गवताची काडी चिकटली असेल. बस खाली.”

तो खाली बसला. त्या दिवसापासून पोरांनी त्याचं नावच ‘खेकडमाशी’ ठेवलं. पण त्याहून वाईट गोष्ट माझ्या लक्षात आली ती पंधरा दिवसांनी. त्याचा हात वर येईनासा झाला होता. पाढे विचारले तर सांगायचा, कविता म्हणायला सांगितली तर म्हणायचा. पण आपणहून प्रश्न? एकही नाही.

पुढे गौरी-गणपतीला माझा धाकटा भाऊ घरी आला. तो महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. जेवताना मी त्याला हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. तो काही हसला नाही. हातातला घास तसाच ठेवून म्हणाला, “ताई, अगं ती माशी खरंच असते. आणि दूर कुठे नाही, आपल्याच जिल्ह्यात, हरिश्चंद्रगडावर एका इंग्रजाने ती जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पाहून ठेवली आहे. त्या मुलाचा मामा कुठे राहतो?”

मी गावाचं नाव सांगितलं. गाव हरिश्चंद्रगडाच्या पायथ्यालाच होतं! माझ्या घशाखाली पुढचा घास उतरेना.

आता तुम्हाला त्या इंग्रजाची थोडी ओळख करून देते. त्याचं नाव विल्यम हेन्री साइक्स. होता लष्करातला अधिकारी, पण नाद सगळ्या गोष्टींचा. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची पाहणी करायचं काम दिलं. गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, पाऊस किती, हे सगळं नोंदवत तो आपल्या मुलखात हिंडला. हिंडता हिंडता त्याने पक्षी पाहिले, मासे पाहिले, किडेमुंग्यासुद्धा पाहिल्या. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं गोल इंद्रधनुष्य, म्हणजेच इंद्रवज्र, तुम्ही ऐकून असाल. त्याचं वर्णनही या साइक्सने केलं आहे. १८३५ साली लंडनमध्ये छापलेल्या त्याच्या हवामानावरच्या निबंधात ते आहे.

याच गडाला वेढून असलेल्या दाट रानात, कातळांच्या घळींमध्ये, साइक्सला या माश्या दिसल्या. झाडीतून उन्हाची तिरीप जिथे जिथे खडकावर पडली होती, तिथे तिथे त्या थव्याने होत्या. काही त्या उजेडात तरंगत होत्या, काही उन्हाने उजळलेल्या खडकावर निवांत बसल्या होत्या. असं सगळं त्याने टिपून ठेवलं. पुढे वेस्टवुड नावाच्या इंग्रज कीटकतज्ज्ञाने अशा माश्यांवर एक मोठा निबंध लिहिला, त्यात साइक्सची ही टिपणंही आली. माशीला नावही साइक्सचंच मिळालं. आज शास्त्रज्ञ तिला ‘टेलिऑप्सिस साइक्सी’ म्हणतात. टेलिऑप्सिस हे तिच्या कुळीचं नाव. ग्रीक भाषेत ‘टेले’ म्हणजे दूर आणि ‘ऑप्सिस’ म्हणजे दृष्टी किंवा रूप. दूर दूर डोळ्यांची माशी! आमच्या चौथीतल्या मुलाने ठेवलेलं ‘खेकडमाशी’ हे नाव काही त्याहून कमी नाही, हो ना?

भावाने आणलेल्या त्या पानांच्या प्रती मी दोनदा वाचल्या. मग सरळ त्या मुलाच्या घरी गेले. म्हटलं, “तुझी खेकडमाशी मला दाखवशील का?” तो माझ्याकडे बघतच राहिला. बाई चेष्टा करताहेत की खरं बोलताहेत, हेच त्याला कळेना. शेवटी त्याचे वडील म्हणाले, “दिवाळीत मामाकडं जायचंच हाय. तुम्हीबी या, बाई.”

असे आम्ही दिवाळीच्या सुट्टीत निघालो. तो मुलगा, त्याचे वडील, माझा भाऊ आणि मी. हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात येतो. पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दीही इथेच येऊन मिळतात. गडाची उंची १४२४ मीटर. वर जायला वाटा पुष्कळ. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून एक वाट येते. आम्ही धरली ती पाचनईची. राजूरपर्यंत एसटी आणि पुढे जीप. जीपमध्ये माणसं किती बसली होती ते विचारू नका! गुडघ्यांवर पिशव्या, पिशव्यांवर पोरं. पण बाहेर बघाल तर दोन्ही बाजूंना पिवळी पडू लागलेली भातखाचरं आणि मागे निळे काळे डोंगर. पाय अवघडल्याचं विसरायलाच होतं.

मामा वाट बघतच होते. उंच, सडपातळ, पायात साध्या चपला. मी म्हटलं, “पहाटेच निघू या का? ऊन व्हायच्या आत?” मामा हसले. “सकाळी जाऊन काय करता, बाई? त्या घळीत ऊन पोचतच न्हाई. अन् उन्हाबिगर त्या माश्या दिसायच्या न्हाईत. दुपारच्याला पोचू असं निघू.”

ऐकलंत? साइक्सने जे पुस्तकात लिहिलं होतं, तेच मामा न वाचता सांगत होते.

पाचनईची वाट मोठी देखणी आहे बरं का! सुरुवातीला चढण, मग एका प्रचंड कातळाच्या पोटाखालून आडवी जाणारी वाट. डोक्यावर कातळाचं छप्पर, एका हाताला दरी, आणि छपराच्या कडेवरून ठिबकणारं पाणी. पुढे ओढा लागतो. पावसाळ्यात तो रागावलेला असतो, पण आम्ही गेलो तेव्हा गुणगुणत चालला होता. पाणी इतकं नितळ की तळातला प्रत्येक खडा मोजावा. ओढ्याच्या पलीकडे जांभळी, हिरड्यांचं रान आणि त्याखाली कारवीची दाटी.

वाटेत मामांनी एक दगड उचलला. खालून खेकडा निघाला. भाऊ त्या मुलाला म्हणाला, “नीट बघ हं. खेकडा आपले डोळे वर करतो, खाली करतो, खाचेत आडवे झोपवतो. तुझ्या माशीला हे जमतं का ते आपल्याला बघायचं आहे.” तो मुलगा काहीच बोलला नाही, पण त्याची चाल मात्र एकदम भरभर झाली.

मुख्य वाट सोडून मामा डावीकडे वळले. दोन मोठ्या कातळांच्या मध्ये एक अरुंद घळ होती. आत गेल्यावर अंगावर एकदम गारवा आला. ओले खडक, हिरवंगार शेवाळ, कुजणाऱ्या पानांचा दमट वास. वर झाडांची छत्री. आणि त्या छत्रीला पडलेल्या एका भोकातून उन्हाचा एक तुकडा, साधारण घोंगडीएवढा, समोरच्या खडकावर पडलेला.

आम्ही सगळे दबकून बसलो. पाच मिनिटं गेली, दहा मिनिटं गेली. मला काही म्हणता काही दिसेना. मनात म्हटलं, आलो खरे एवढ्या लांब!

तेवढ्यात त्या मुलाने माझा पदर हळूच ओढला आणि बोटाने दाखवलं. खडकावर शेवाळाच्या कडेला चार-पाच काळे ठिपके होते. मी ते केव्हाच पाहिले होते, पण कचरा समजून सोडून दिले होते. त्यातला एक ठिपका हलला. वळला. आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

आणि मुलांनो, मी श्वासच रोखला! डोकं एवढंसं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ ताठ काड्या, जणू कुणी डोक्यातून आडवी टाचणी आरपार घातली आहे. दोन्ही टोकांना दोन तांबूस मणी. त्यावर उन्हाचा कण चमकला. भिंगातून पाहिलं तर मिशासुद्धा डोक्यावर नाहीत, त्यादेखील त्या काड्यांवरच बसवलेल्या! आपल्या साध्या माशीच्या मिशा पुढे, दोन डोळ्यांच्या मध्ये असतात.

आम्ही मोजल्या. सात माश्या होत्या. बराच वेळ पाहिलं, पण एकीनेही आपल्या काड्या वाकवल्या नाहीत की मिटल्या नाहीत. भाऊ कुजबुजला, “खेकड्यात आणि हिच्यात हाच फरक आहे. या काड्या म्हणजे डोक्याचं कवचच बाहेर ओढून लांबवलेलं आहे. त्या ताठच राहतात. आतून डोळ्यापासून मेंदूपर्यंत मज्जातंतूची बारीक दोरी गेलेली असते.”

घळीतून बाहेर येऊन आम्ही ओढ्याकाठी भाकरी सोडली. आता त्या मुलाचं तोंड सुटलं होतं. “काका, एवढ्या लांब काड्या घेऊन ती कोशातून बाहेर कशी येती? अडकत न्हाई का?”

काय छान प्रश्न आहे ना! त्याचं उत्तर त्याहून छान आहे. कोशातून बाहेर येते तेव्हा या माशीच्या काड्या ताठ नसतातच. मऊ, चुरगाळलेल्या, डोक्याला चिकटलेल्या असतात. बाहेर आल्यावर ती हवा गिळते आणि ती हवा जोर लावून डोक्याकडे ढकलते. आपण लांबट फुगा फुगवतो ना, अगदी तशा त्या काड्या दोन्हीकडे सरकत लांब होत जातात. हा सगळा खेळ काही मिनिटांचा. मग काड्या वाळून टणक होतात. त्यानंतर आयुष्यभर त्या तेवढ्याच राहतात, तसूभरही वाढत नाहीत.

“पण काका, त्यांचा उपयोग काय?”

यासाठी भावाने आम्हाला गडावरून थेट मलेशियात नेलं. कारण याच टेलिऑप्सिस कुळीतल्या, साइक्सच्या माशीच्या चुलतबहिणी मलेशियाच्या रानात राहतात, आणि त्यांच्यावर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. क्वालालंपूर शहराजवळ गोंबाक नावाच्या नदीचं खोरं आहे. तिथल्या ओढ्यांच्या काठाची माती पाण्याने खालून कोरून नेलेली असते. वरच्या झाडांची केसासारखी बारीक मुळं तिथे उघडी पडून दोऱ्यांसारखी लोंबत असतात. आपण तिकडे ढुंकूनही बघणार नाही. पण दिवस मावळायला लागला की रानभर विखुरलेल्या या माश्या त्या मुळांवर झोपायला येतात. एका दोरीवर एक नर आणि काही माद्या, असा त्यांचा मुक्काम असतो.

काड्या नरालाही असतात, मादीलाही असतात, पण नराच्या जास्त लांब. काही नरांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर त्यांच्या अख्ख्या शरीराच्या लांबीपेक्षाही जास्त असतं! एका मुळावर दुसरा नर आला की दोघे अगदी समोरासमोर तोंड करून उभे राहतात. डोळ्यासमोर डोळा. जणू पट्टीला पट्टी लावून मोजताहेत. ज्याची पट्टी तोकडी तो बहुतेक वेळा गुपचूप निघून जातो. दोघे सारखेच निघाले तर मात्र पायांनी ढकलाढकली होते. आणि माद्याही लांब डोळ्यांच्या नराचंच मूळ मुक्कामाला पसंत करतात. जर्मनीच्या डिट्रिच बुर्कहार्ट आणि इन्ग्रिड द ला मोट या दोन शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या काळात या माश्यांचा खूप अभ्यास केला. अमेरिकेतले जेराल्ड विल्किन्सन यांनीही केला.

मग या लांब काड्या नेमक्या सांगतात तरी काय? लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी या माश्यांच्या काही अळ्यांना चांगलं खाणं दिलं, काहींना हलकं दिलं. त्याचा निकाल २००० साली प्रसिद्ध झाला. हलक्या खाण्यावर वाढलेल्या नरांच्या काड्या आखूड राहिल्या. पण काही घराण्यांतल्या नरांनी हलक्या खाण्यावरसुद्धा काड्या बऱ्यापैकी लांब काढल्या. म्हणजे ही काडी खोटं बोलू शकत नाही. नर किती दमदार आहे, ते ती उघड सांगून टाकते.

मामा इतका वेळ शांतपणे ऐकत होते. ते एकदम म्हणाले, “म्हंजी लहानपणी काय खाल्लं, ते डोळ्यात दिसतं म्हना की!” आम्ही सगळे हसलो. पण यावेळचं हसणं ऑगस्टमधल्या हसण्यासारखं नव्हतं.

मग आम्ही गडावर गेलो. हरिश्चंद्रेश्वराचं दगडी मंदिर पाहिलं. केदारेश्वराच्या गुहेतली पिंडी पाहिली. तिच्याभोवती बर्फासारखं गार पाणी, आणि चार खांबांपैकी एकच अजून उभा. संध्याकाळी कोकणकड्यावर पालथं झोपून खाली डोकावलो. इंद्रवज्र काही दिसलं नाही. पण खरं सांगू? मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी जे बघायला आले होते ते बघून झालं होतं.

सुट्टीनंतर शाळेचा पहिला दिवस. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘खेकडमाशी’. नेहमीप्रमाणे खसखस पिकली. ती थांबेपर्यंत मी थांबले आणि म्हणाले, “ऑगस्ट महिन्यात आपल्या वर्गात एकाने खरी गोष्ट सांगितली होती. मी म्हणाले होते, असं काही नसतं. मी चुकले होते. ती माशी असते. मी माझ्या डोळ्यांनी पाहून आले.”

वर्ग चिडीचूप. मग पुढच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, “बाई, म्हणजे तुम्ही पण चुकता?”

“हो, चुकते. तुम्ही न बघता काही ठरवलंत तर तुम्हीही चुकाल.”

मग त्या मुलाला मी खडू दिला. त्याने फळ्यावर चित्र काढून सगळं समजावून सांगितलं. काड्या, मिशा, हवा भरणं, मलेशियातली मुळं, सगळं. त्याचं ‘खेकडमाशी’ हे नाव अजून गेलेलं नाही. पण आता ते त्यानेच आपल्या वहीवर लिहून ठेवलं आहे!

तास संपता संपता त्याचा हात वर आला. कितीतरी दिवसांनी.

“बाई, त्या साइक्स साहेबाला ती माशी कुणी दाखवली असंल?”

मी त्या पानांच्या प्रती पुन्हा काढून पाहिल्या. गडाचं नाव होतं, घळी होत्या, ऊन होतं. दाखवणाऱ्याचं नाव माझ्याजवळच्या पानांत कुठेच नव्हतं. साइक्स एकटाच भटकत त्या घळीत शिरला, की गुरांमागे हिंडणाऱ्या एखाद्या पोराने त्याला बोट दाखवलं? एवढा प्रश्न मला शिकवणाऱ्या बाई असून सुचला नव्हता.

तेव्हा मुलांनो, तुम्हीही एक वही करा. पावसाळ्यात किंवा पावसाळा सरताना ओढ्याकाठी, ओलसर सावलीत, उन्हाच्या कवडशात कधी काही वेगळं दिसलं तर त्यात लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, किती होत्या, काय करत होत्या. चित्र काढा. मात्र पकडू नका, बाटलीत भरू नका. हरिश्चंद्रगडाचं रान तर अभयारण्यच आहे. घळीत, ओढ्यात मोठ्या माणसांशिवाय जाऊ नका. आणि ते तुम्हाला कुणी दाखवलं असेल, तर सगळ्यात वरती त्याचं नाव लिहायला विसरू नका. मी माझ्या वहीत लिहिलं आहे.

आणि हो, तुमच्याही बाई किंवा गुरुजी कधी म्हणाले, “असं काही नसतं,” तर खट्टू होऊ नका. त्यांना एकदा तिथे घेऊन जा. पण दुपारच्याला बरं का! सकाळी तिथे ऊन पोचत नाही.